शॉर्ट कोणी मारला? जाहीर आकड्यांतून उत्तर कसं शोधायचं

एखादा शेअर दोन दिवसांत आठ टक्के खाली आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल लागलेलाच असतो: 'ऑपरेटरने शॉर्ट मारून पाडला.' ऑपरेटर म्हणजे भाव खेळवणारा बडा खेळाडू, आणि शॉर्ट म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडल्यावर स्वस्तात परत घ्यायचा. पुरावा कोणी मागत नाही, कारण शॉर्ट सेलिंगचा पुरावा मिळतच नाही असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कोणी शॉर्ट केलं हे सहसा कळत नाही. पण किती झालं, कुठल्या बाजारात झालं आणि ते खरंच मंदीच्या अंदाजाने झालं का, याचा बराचसा माग शेअर बाजारांच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. फक्त तो चार वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला आहे आणि एकच तुकडा हाती घेतला तर हमखास चुकीचा अर्थ निघतो. हे तुकडे कुठे मिळतात आणि जोडायचे कसे, ते इथे क्रमाने सांगतो. शेवटी, तुम्ही स्वतः शॉर्ट करत असाल तर तुमच्यावर काय बंधनं आहेत, तेही.

आधी नियम काय म्हणतो

मार्च २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेखच्या प्रकरणात बाजार कोसळला, तेव्हा बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, शॉर्ट सेलिंगवर बंदी आणली. आज आपण ज्या चौकटीत आहोत ती २० डिसेंबर २००७ च्या परिपत्रकातून आली आणि २१ एप्रिल २००८ पासून अमलात आली. संस्थात्मक गुंतवणूकदारांनाही शॉर्ट सेलिंगची मुभा मिळाली आणि शेअर उसने देण्याघेण्याचा अधिकृत बाजार, म्हणजे एसएलबी, सुरू झाला. ५ जानेवारी २०२४ ला सेबीने ही चौकट पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडली. सुप्रीम कोर्टाचा अदानी-हिंडेनबर्ग निकाल (अदानी समूहावर आरोप करणाऱ्या अमेरिकी शॉर्ट सेलर हिंडेनबर्गच्या प्रकरणातला) ३ जानेवारीचा, त्यामुळे हा नवाच कायदा आहे असं अनेकांना वाटलं. प्रत्यक्षात बहुतेक तरतुदी जुन्याच होत्या.

त्यातलं आपल्या कामाचं एवढं: हातात शेअर नाहीत आणि उसने घेण्याची सोयही नाही, अशी 'नेकेड' विक्री चालत नाही. विकले तर सेटलमेंटच्या, म्हणजे शेअर आणि पैसे प्रत्यक्ष देण्याघेण्याच्या, दिवशी द्यायलाच लागतात. संस्थांना दिवसातल्या दिवसात सौदा मिटवता येत नाही. संस्थांनी ऑर्डर टाकतानाच 'ही शॉर्ट सेल आहे' असं सांगायचं. किरकोळ गुंतवणूकदाराला हेच सांगायला त्या दिवशी बाजार बंद होईपर्यंत मुदत आहे. ब्रोकरने शेअरनिहाय आकडे गोळा करून दुसऱ्या दिवशी बाजार उघडण्याआधी एक्स्चेंजला द्यायचे आणि एक्स्चेंजने ते एकत्र करून आठवड्याला वेबसाइटवर टाकायचे.

या सगळ्यात नाव कुठेही नाही. एखाद्याने कंपनीचे ५ टक्के शेअर घेतले तर त्याला नावानिशी जाहीर करावं लागतं. तेवढेच शेअर उसने घेऊन विकणाऱ्याला नाव सांगायला लावणारी अशी कुठली पातळी आपल्याकडे ठरवलेलीच नाही. पुढे काय शोधायचं आणि काय शोधत बसायचं नाही, हे याच फरकावरून ठरतं.

पायरी १: कुठल्या शॉर्टबद्दल बोलतोय ते ठरवा

'शॉर्ट' या एका शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार येतात. पहिला इंट्राडे: सकाळी विकला, दुपारी परत घेतला, संध्याकाळी हात मोकळे. दुसरा डिलिव्हरीचा: एसएलबीतून शेअर उसने घेऊन कॅश मार्केटमध्ये (शेअर थेट घेण्याविकण्याच्या बाजारात) विकायचे आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी परत घेऊन फेडायचे. तिसरा वायद्यातला: फ्युचर (ठरल्या तारखेला ठरल्या भावाने देण्याघेण्याचा करार) विकायचं, पुट (ठरल्या भावाने विकण्याचा हक्क) घ्यायचा किंवा कॉल (ठरल्या भावाने घेण्याचा हक्क) लिहायचा, म्हणजे दुसऱ्याला विकायचा. आपल्याकडे मंदीचा मोठा खेळ या तिसऱ्या प्रकारात चालतो, कारण शेअर उसने शोधत बसण्यापेक्षा फ्युचर विकणं कितीतरी सोपं. पण शॉर्ट सेलिंगच्या जाहीर अहवालात हा तिसरा प्रकार येत नाही. 'आजच्या शॉर्ट रिपोर्टमध्ये तर काहीच नाही, म्हणजे कोणी शॉर्ट केलेलं नाही' हे वाक्य म्हणूनच बिनबुडाचं.

पायरी २: शॉर्ट सेलिंगची फाइल उघडा

एनएसईच्या वेबसाइटवर कॅपिटल मार्केटच्या अहवालांत 'शॉर्ट सेलिंग' असा वेगळा अहवाल आहे. तारखांचा कालावधी निवडून सीएसव्ही उतरवून घ्या. एक्सेलमध्ये उघडल्यावर तारीख, शेअरचं सिंबॉल, कंपनीचं नाव आणि संख्या एवढेच रकाने दिसतील. पहिल्यांदा बघणाऱ्याचा हिरमोड होतो. नाव नाही, भाव नाही, आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे शिल्लक नाही. बँकेच्या पासबुकात फक्त पैसे काढल्याच्या नोंदी असाव्यात आणि शिल्लक दाखवणारा रकाना कोरा असावा, तसा हा प्रकार. आज ५० हजार शेअर शॉर्ट विकले एवढं कळतं, पण कालच्यांपैकी किती परत घेऊन फेडले ते कळत नाही. त्यामुळे दहा दिवसांच्या आकड्यांची बेरीज करून 'एवढे शेअर शॉर्टमध्ये उभे आहेत' असं म्हणणं सपशेल चूक. ही चूक मी भल्याभल्यांच्या यूट्यूब व्हिडिओत पाहिली आहे.

मग ही फाइल वापरायची कशी? दोन गोष्टी करा. एक, त्या दिवशीच्या एकूण उलाढालीशी प्रमाण काढा. २० लाख शेअरच्या उलाढालीत ४० हजार शॉर्ट म्हणजे २ टक्के. दोन, त्याच शेअरचे मागचे दोन-तीन महिने बघून त्याची नेहमीची पातळी ठरवा. कुठल्या शेअरमध्ये नेहमीच २ टक्के असतात, कुठल्यात महिनोन्‌महिने शून्य. दखल घ्यायची ती या नेहमीच्या पातळीवरून झालेल्या उडीची.

पायरी ३: उसनवारीचं भाडं बघा

माझ्या मते ही सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात बोलकी जागा. शेअर उसने घ्यायला भाडं मोजावं लागतं आणि ते एसएलबी बाजारात दर शेअरमागे रुपयांत उघडपणे लावलं जातं. मागणी वाढली की भाडं वाढतं. दलाल स्ट्रीटवर बदल्याच्या, म्हणजे सौदा न मिटवता पुढे ढकलण्याच्या जुन्या पद्धतीच्या काळात, जुलै २००१ च्या आधी, मंदीवाल्यांना सौदा पुढे ओढण्यासाठी तेजीवाल्यांना पैसे मोजायची वेळ आली की त्याला 'उंधा बदला' म्हणत. उंधा बदला लागला म्हणजे मंदीवाले अडकले, हे रिंगणातला पोऱ्याही सांगायचा. आजचं एसएलबीचं भाडं तीच खबर देतं.

भाडं नुसतं रुपयांत बघू नका, ते वार्षिक टक्केवारीत आणा. शेअर ८०० रुपयांचा, महिन्याचं भाडं १ रुपया: महिन्याला ०.१२५ टक्के, वर्षाला दीड टक्का. म्हणजे काही विशेष नाही. तेच भाडं ६ रुपये झालं तर महिन्याला ०.७५ टक्के, वर्षाला ९ टक्के. एवढं भाडं देऊन कोणी शेअर उसने घेत असेल तर त्यामागे कारण आहे. एसएलबीच्या पानावर उघड्या सौद्यांची संख्याही मिळते. शॉर्टच्या शिल्लकेच्या सर्वांत जवळ जाणारा जाहीर आकडा आपल्याकडे हाच. सावधगिरी एवढीच, की बऱ्याच शेअरमध्ये एसएलबीचे सौदे अगदी विरळ होतात, आणि दोनशे शेअरच्या एका सौद्यावरून काढलेल्या भाड्याला अर्थ नसतो.

पायरी ४: वायदे बाजाराकडे वळा, पण अ‍ॅपच्या लेबलांवर विसंबू नका

ब्रोकरच्या अ‍ॅपवर 'शॉर्ट बिल्डअप' असा लाल शिक्का दिसतो. तो कुठल्याही जाहीर माहितीतून आलेला नसतो. भाव उतरला आणि ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या वायदे सौद्यांची संख्या) वाढला, की सॉफ्टवेअर तो शिक्का मारतं. प्रत्येक उघड्या फ्युचर सौद्याला एक विकणारा आणि एक घेणारा असतोच. ओपन इंटरेस्ट वाढणं म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच वाढणं. पुढाकार कोणाचा होता, एवढाच अंदाज भावावरून बांधता येतो, आणि तो अंदाजच असतो.

एनएसई रोज संध्याकाळी आणखी एक फाइल देते, गटवार ओपन इंटरेस्टची. क्लायंट (सामान्य ग्राहक), डीआयआय (देशी संस्था), एफआयआय (परदेशी संस्था) आणि प्रोप्रायटरी (स्वतःच्या पैशाने व्यवहार करणारे ब्रोकर), अशा चार गटांचे लाँग आणि शॉर्ट सौदे त्यात वेगवेगळे मिळतात. बाजाराचा एकूण कल बघायला ही फाइल छान. पण तिच्यात सगळ्या शेअरांच्या फ्युचरची एकत्र बेरीज असते, कंपनीनिहाय फोड नसते. 'एफआयआयनी अमुक कंपनीत शॉर्ट केलं, डेटा बघा' असं कोणी म्हणालं तर कुठली फाइल ते विचारा. या फाइलमधून ते कळूच शकत नाही.

शेअरच्या पातळीवर आणखी एक खूण म्हणजे बॅन यादी. एखाद्या शेअरचे वायद्यातले उघडे सौदे ठरलेल्या बाजारव्यापी मर्यादेच्या ९५ टक्क्यांपुढे गेले की ८० टक्क्यांखाली येईपर्यंत कोणालाही आपली पोझिशन वाढवता येत नाही, फक्त कमी करता येते. तिथे गर्दी किती झाली आहे ते यातून कळतं. गर्दी कुठल्या बाजूची, ते नाही.

पायरी ५: तुकडे जोडा आणि आर्बिट्रेजवाल्याला बाजूला काढा

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. भाव ८००. शॉर्ट रिपोर्टमधला आकडा एरवी रोज ४० हजारांच्या आसपास, दोन दिवसांत तो २ लाख ६० हजारांवर गेला. उलाढाल २६ लाख, म्हणजे प्रमाण २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर. एसएलबीचं भाडं १ रुपयावरून ६ रुपये. वायद्यातला ओपन इंटरेस्ट २० टक्क्यांनी वाढला. वरवर बघता खटला संपला: मंदीवाले तुटून पडलेत.

थांबा आणि फ्युचरचा भाव बघा. समजा कॅश मार्केटमध्ये ८०० आणि चालू महिन्याचं फ्युचर ७९२ ला आहे. आर्बिट्रेज करणारा, म्हणजे दोन बाजारांतल्या भावांच्या फरकावर कमावणारा, काय करेल? ६ रुपये भाडं देऊन शेअर उसने घेईल, कॅशमध्ये ८०० ला विकेल आणि त्याच वेळी ७९२ ला फ्युचर विकत घेईल. फरक ८ रुपये, भाडं ६ रुपये, उरले २, त्यातून खर्च वजा. शेअर हजारावर जावो की सहाशेवर येवो, त्याला सोयरसुतक नाही. ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर वायद्यांची सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, त्यामुळे मुदत संपल्यावर फ्युचरमधून शेअर येतात आणि तेच उसनवारी फेडायला जातात. जाहीर फाइलमध्ये मात्र त्याची विक्री मंदीवाल्याच्या विक्रीसारखीच 'शॉर्ट' म्हणून दिसते.

म्हणून शॉर्टचा आकडा उडाला की मी आधी फ्युचरचा डिस्काउंट, म्हणजे ते कॅशच्या किती खाली आहे, बघतो. डिस्काउंट मोठा असेल आणि भाडं त्याच्या मागोमाग, थोडंसं खाली चालत असेल, तर कॅशमधली शॉर्ट विक्री बहुतांशी आर्बिट्रेजची. मग प्रश्न मागे सरकतो: फ्युचर एवढं खाली का गेलं? लाभांशाची तारीख जवळ असेल तर ते साहजिक आहे, कारण फ्युचर धरणाऱ्याला लाभांश मिळत नाही, आणि उसने घेणाऱ्याला तो मूळ मालकाला भरून द्यावा लागतो. लाभांश नाही, तरी डिस्काउंट आहे आणि ओपन इंटरेस्टही वाढतोय, तर मंदीवाला फ्युचरमध्ये बसलाय. आणि फ्युचर कॅशच्या वर आहे, तरीही कोणी ९ टक्के भाडं देऊन शेअर उसने घेऊन विकतोय, तर तिथे लक्ष द्या. हा आर्बिट्रेजवाला नव्हे. त्याला खरोखरच भाव पडण्याची अपेक्षा आहे.

बल्क डील एकदा चाळून घ्या. कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त व्यवहार एकाने केला की त्याचं नाव त्याच दिवशी जाहीर होतं. ते शॉर्ट होतं की हातातले शेअर विकले, ते तिथे लिहिलेलं नसतं. पण पुष्कळदा 'शॉर्ट मारून पाडला' या कथेतला खलनायक तिथेच सापडतो आणि तो जुना भागधारक निघतो, निवांतपणे बाहेर पडलेला.

पायरी ६: बाहेर काय जाहीर होतं ते माहीत असू द्या

युरोपीय संघात १ नोव्हेंबर २०१२ पासून वेगळी रीत आहे. निव्वळ शॉर्ट कंपनीच्या भांडवलाच्या ०.१ टक्क्यावर गेली की नियामकाला कळवायचं (आधी ही मर्यादा ०.२ होती) आणि ०.५ टक्क्यावर गेली की नावासकट सगळ्यांसमोर. मुख्य म्हणजे यात वायदे आणि ऑप्शनही मोजतात, त्यामुळे फ्युचरमध्ये लपता येत नाही. अमेरिकेत नाव जाहीर होत नाही, पण प्रत्येक शेअरमधली शॉर्टची शिल्लक महिन्यातून दोनदा प्रसिद्ध होते. इन्फोसिस, एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक यांचे एडीआर (त्यांच्या शेअरच्या बदल्यात अमेरिकी बाजारात चालणारे दाखले) न्यूयॉर्कला आहेत. त्यांच्यातल्या शॉर्टची शिल्लक तिथे बघता येते, जी त्याच कंपन्यांबाबत इथे मिळत नाही!

नावं जाहीर व्हावीत अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होते. मला ती तितकीशी पटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या वेळी शॉर्टमध्ये कोण अडकलंय हे कळल्यावर किरकोळ गुंतवणूकदारांच्या झुंडीने भाव वर नेऊन त्यांना पिळून काढलं. नाव उघडं पडणार म्हटल्यावर कंपनीच्या हिशेबातली लबाडी शोधणारा अभ्यासू मंदीवालाही मागे सरतो. ब्रिटनने आता नावांऐवजी कंपनीनिहाय एकत्रित, निनावी आकडा देण्याचा मार्ग घेतला आहे. आपल्यालाही नावाआधी शिल्लक हवी: कॅश आणि वायदे मिळून, शेअरनिहाय. ब्रोकर आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे हा कच्चा माल आहेच.

पायरी ७: शॉर्ट करणाऱ्याचा अहवाल वाचताना

हिंडेनबर्गचा अदानी समूहावरचा अहवाल २४ जानेवारी २०२३ चा. आपली शॉर्ट पोझिशन त्यांनी स्वतःच सांगितली होती: अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि भारताबाहेरची डेरिव्हेटिव्ह साधनं यांतून. म्हणजे त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तरी आपल्या शॉर्ट रिपोर्टमध्ये त्यांचा मागमूसही असणार नव्हता. पुढे २०२४ मध्ये सेबीच्या नोटिशीत आरोप आला की अहवालाचा मसुदा प्रसिद्धीआधीच एका हेज फंडाकडे (बड्या गुंतवणूकदारांचे पैसे खेळवणाऱ्या खासगी फंडाकडे) गेला होता आणि इथल्या बाजारात फ्युचर विकून कमाई झाली. हिंडेनबर्गने आरोप फेटाळला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच गुंडाळली. सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने अदानींवरचे त्यातले काही आरोप सिद्ध होत नसल्याचे आदेश दिले.

अशा अहवालात आरोपांच्या आधी शेवटचं पान वाचा. पोझिशन आहे का, कुठल्या साधनात, अहवाल आणखी कोणाला आधी दिला, प्रसिद्धीनंतर ती कधीही मिटवण्याचा हक्क राखून ठेवलाय का. 'आम्ही शॉर्ट आहोत' हे लिहिलं म्हणून आरोप खोटे ठरत नाहीत, आणि लिहिलं नाही म्हणून लिहिणारा निःस्वार्थी ठरत नाही. अहवाल देशी विश्लेषकाचा असेल तर त्याचा सेबी नोंदणी क्रमांक 'आयएनएच'ने सुरू होतो का ते तपासा. नोंदणीकृत विश्लेषकाला अहवालाच्या ३० दिवस आधी आणि ५ दिवस नंतर त्या शेअरमध्ये व्यवहार करता येत नाही. टेलिग्रामवर 'विका, विका' ओरडणाऱ्याला हे बंधन कोण लावणार? अफवा मोठ्या कंपनीबद्दल असेल तर एक्स्चेंजवर कंपनीचा खुलासा शोधा. भाव लक्षणीय हलला असेल तर पहिल्या २५० कंपन्यांना बातमी खरी की खोटी हे २४ तासांत सांगावं लागतं.

पायरी ८: स्वतः शॉर्ट करत असाल तर

कॅशमध्ये रात्र ओलांडून शॉर्ट ठेवायचा असेल तर क्रम उलटा करू नका: आधी उसने, मग विक्री. ब्रोकरकडे एसएलबीची सोय चालू आहे का ते आधी विचारा, कारण अनेक ब्रोकर किरकोळ ग्राहकाला ती आपणहून देत नाहीत. विक्री शॉर्ट असल्याचं त्याच दिवशी बाजार बंद होण्याआधी कळवा. अ‍ॅपमध्ये तशी सोय नसेल तर ईमेल करा आणि त्याची प्रत ठेवा.

इंट्राडेमध्ये खरा धोका लहान शेअरचा. एफ अँड ओमधल्या, म्हणजे ज्यांचे वायदे चालतात अशा, शेअरना ठरावीक सर्किट (दिवसभरातल्या चढउताराची मर्यादा) नसतं, बाकीच्यांना असतं. समजा २०० रुपयांना ५०० शेअर विकले आणि दुपारी अडीचला वरचं सर्किट लागलं. घेणाऱ्यांची रांग, विकणारा एकही नाही. ब्रोकरची स्वयंचलित स्क्वेअर ऑफ (दिवसअखेर सौदा मिटवणारी) ऑर्डरही त्याच रांगेत उभी राहते. झालं, सौदा डिलिव्हरीचा बनला आणि तुमच्याकडे शेअर नाहीत. २७ जानेवारी २०२३ पासून सेटलमेंट दुसऱ्याच दिवशी होते, त्यामुळे शेअर दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजच्या लिलावात घेतले जातात. लिलावात २२५ ला मिळाले तर नुकसान साडेबारा हजार, अधिक दंड आणि खर्च. लिलावातही मिळाले नाहीत तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशांत हिशेब: सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वोच्च भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, जे जास्त असेल ते. बंद भाव २२० असेल तर २६४. शेअरमागे ६४ रुपये, एकूण ३२ हजार, आणि तेही एक लाखाच्या सौद्यावर.

असं झालं तर ब्रोकरकडून कॉन्ट्रॅक्ट नोट आणि लिलावाच्या भावाचा तपशील दोन्ही मागून घ्या आणि एक्स्चेंजच्या वेबसाइटवरच्या लिलावाच्या आकड्यांशी ताडून बघा. फरक असेल तर आधी ब्रोकरकडे लेखी विचारणा करा. दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका. तिचं निराकरण करायला ब्रोकरला २१ दिवसांची मुदत असते.